सायकलचा टायर चढवताना ट्यूब कापली जाऊ नये म्हणून

नवी ट्यूब घातली, टायर चढवला, हवा भरली आणि तासाभरात चाक पुन्हा बसलं. अशा वेळी सगळा राग दुकानदारावर निघतो. ट्यूब मात्र बहुतेक वेळा चांगलीच असते. टायर चढवताना ती स्क्रूड्रायव्हरने टोचली जाते, नाहीतर टायरची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटते.

टायरच्या दोन्ही कडांमध्ये तार असते. महागड्या घडीच्या टायरमध्ये तिच्या जागी चिवट धागा असतो. तार असो की धागा, ही कड ताणली जात नाही, आणि रिमची बाहेरची भिंत तर कडेपेक्षा मोठी असते. तरीही टायर चढतो, कारण रिमचा मधला भाग खोल असतो. एका बाजूची कड या खाचेत उतरली की समोरच्या बाजूला तेवढीच सैल मिळते आणि उरलेली कड भिंतीवरून अलगद आत येते. हातात जोर कमी आहे म्हणून टायर अडत नाही. समोरची कड खाचेतून वर आलेली असते म्हणून तो अडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. सामान आणि माप

हवं ते एवढंच: दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायरची कड उचलायच्या पट्ट्या), पंप, थोडी टाल्कम पावडर, एक जुना मोजा, आणि चाक नटाचं असेल तर पाना (मागच्या चाकाला बहुतेकदा १५ मिमीचा लागतो). स्क्रूड्रायव्हर पेटीतच राहू द्या. लिव्हर नसेलच तर जाड स्टीलच्या चमच्याचा गुळगुळीत दांडा एक वेळ चालेल. टोकदार काहीही चालणार नाही.

मापात फसगत होते ती '२६' या आकड्याने. जुन्या लेडीज सायकलचा २६ × १⅜ आणि एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ × १.९५ या दोघांनाही दुकानात सव्वीसच म्हणतात, पण रिमवर बसण्याच्या जागी त्यांच्या व्यासात ३१ मिमीचा फरक असतो. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून टायरच्या बाजूवर लिहिलेली आकड्यांची दुसरी जोडी वाचा, उदाहरणार्थ ३७-५९० किंवा ५०-५५९. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बसण्याच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. काळ्या दणकट २८ × १½ सायकलला तो ६३५ असतो, २७.५ ला ५८४, आणि ७००सी व २९ या दोघांनाही ६२२.

ट्यूबच्या खोक्यावर रुंदीचा पल्ला दिलेला असतो, जसं १.९५/२.१२५. तुमचा टायर त्यात बसायला हवा. ट्यूब फार रुंद असली तर आत तिला घड्या पडतात आणि घडीवरच ती झिजते. फार अरुंद असली तर ती ताणून पातळ होते आणि हवा लवकर उतरते.

तपासा: रिममधलं भोक आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह जुळतात का? बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह जात नाही. भोक कानसीने मोठं करायच्या भानगडीत पडू नका, योग्य ट्यूब आणा.

२. चाक उतरवणं

सायकल उलटी करण्याआधी हँडलवरचा दिवा, घंटी आणि मोबाइलचा स्टँड काढून ठेवा किंवा फिरवून घ्या. गिअरची सायकल असेल तर मागची चेन सर्वांत लहान चक्रावर आणा. व्ही-ब्रेक (दोन उभ्या दांड्यांनी रिमला दोन्हीकडून दाबणारा) असेल तर ब्रेकची वाकडी नळी खाचेतून सोडवा, म्हणजे ब्रेकच्या दोन्ही बाजू उघडतील. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असेपर्यंत ब्रेकच्या दांडीला हात लावू नका आणि डिस्कला तेलकट बोटं लागू देऊ नका.

साध्या काळ्या सायकलचं मागचं चाक काढायचं म्हणजे वेळखाऊ काम. चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर सगळं त्याच आसावर बसवलेलं असतं. नट सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. वॉशर आधी की कॅरिअरची पट्टी आधी, हे नंतर आठवत नाही. नुसतं पंक्चर काढायचं असेल तर चाक उतरवायची गरजही नसते. टायरची एकच कड खाली करून ट्यूब बाहेर ओढली आणि तिथेच पॅच लावला की काम होतं, रस्त्याकडेचे पंक्चरवाले हेच करतात. ट्यूब बदलायची असेल तर मात्र चाक काढावंच लागतं.

३. टायर उतरवणं

हवा पूर्ण सोडा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला वरचा नट सैल करून आतली कांडीच बाहेर काढावी लागते, नुसतं दाबून हवा जात नाही. प्रेस्टाचं टोक फिरवून सैल करा आणि दाबा. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमला टेकलेला नट असेल तर तोही काढा.

आता दोन्ही अंगठ्यांनी टायरच्या बाजू आत ढकलत चाकाची पूर्ण फेरी मारा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. बरेच दिवस न काढलेली कड रिमला चिकटून बसलेली असते, ती सुटताना हलकासा 'टक' आवाज येतो. कड सुटून खाचेत पडली की अर्धं काम झालं.

पहिला लिव्हर व्हॉल्व्हपासून लांब घाला. फक्त कडेखाली जाईल इतकाच, अर्ध्या बोटापेक्षा कमी. दुसरा लिव्हर तीन-चार बोटांच्या अंतरावर. कड बाहेर आली की एक लिव्हर टायरखालून सरकवत फेरी पूर्ण करा. एकच बाजू बाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या, व्हॉल्व्ह शेवटी काढा.

सावध: लिव्हर जोराने खोल खुपसला तर पंक्चर काढण्याच्या नादात जुन्या ट्यूबला दुसरं भोक पडतं. पॅच पहिल्या भोकाला लागतो, आणि हवा दुसऱ्यातून जातच राहते.

४. जुनी ट्यूब वाचा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि नवी ट्यूबही त्याच जागी, त्याच कारणाने जाते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. मग ती टायरवर जशी होती तशीच ठेवा, व्हॉल्व्ह त्याच्या जागी, डावी-उजवी बाजू न बदलता. काय झालं ते भोकाच्या जागेवरून कळतं.

भोक बाहेरच्या, म्हणजे जमिनीकडच्या अंगाला असेल तर कारण टायरमध्ये आहे आणि ते बहुधा अजून तिथेच रुतलेलं आहे.

भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रिम टेप (रिमच्या आत स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे.

दोन छोट्या चिरा शेजारी-शेजारी असतील तर कमी हवेत खड्ड्यावर चाक आपटलं, किंवा लिव्हरने चिमटा बसला. नुकताच टायर चढवला असेल तर शंका लिव्हरवरच घ्या.

मोठा आवाज होऊन लांबलचक फाटली असेल तर ट्यूब कडेखाली अडकली होती आणि हवेच्या दाबाने कड रिमवरून उडाली. ही ट्यूब पॅच लावून सुधारत नाही.

व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर व्हॉल्व्ह तिरका बसला होता, त्याचा नट पान्याने आवळला होता, किंवा हवा कमी असल्यामुळे टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह ओढला गेला होता.

५. टायर आणि रिम आतून तपासणं

जुना नायलॉनचा मोजा हातात घालून टायरच्या आतून फिरवा, दोन्ही दिशांनी. काटा किंवा काच असेल तर मोजा तिथे अडकतो आणि बोट वाचतं. नंतर उजेडात टायर थोडा-थोडा बाहेरून वाकवून बघा. बाभळीच्या काट्याचं वरचं टोक मोडून पडलेलं असतं, आतलं रबरात राहतं आणि चाकावर भार आला तरच ते ट्यूबला लागतं. हायवेच्या कडेने सायकल चालवणाऱ्यांना ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा सापडतील. त्या केसाएवढ्या असतात, नजरेला दिसत नाहीत, पण मोज्यात अडकतात. त्या चिमट्याने काढा.

रिमची टेप सगळी भोकं झाकते का ते बघा. ती इतकी रुंद हवी की स्पोकच्या निपलची (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटाची) भोकं पूर्ण झाकली जातील, पण इतकी रुंद नको की कड बसायच्या जागेवर चढेल. टेप तुटलेली, वळलेली किंवा कडक झालेली असेल तर बदला. नव्या ट्यूबच्या किमतीपुढे टेप काहीच नाही. व्हॉल्व्हच्या भोकाची आतली कड बोटाने चाचपा, धातूचा खरखरीतपणा लागला तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

६. पहिली कड

टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो चाकाच्या पुढच्या दिशेने ठेवा. टायरवरचं नाव अगदी व्हॉल्व्हपाशी येईल असा टायर लावा. ते शोभेसाठी नाही, पुढच्या पंक्चरच्या वेळी भोक टायरवर कुठे येतं ते चटकन सापडतं.

पहिली कड हातानेच चढते. तिने फारच त्रास दिला तर थांबून माप पुन्हा वाचा.

७. ट्यूब आत घालणं

रिकामी, चपटी ट्यूब घालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तिला घड्या पडतात, पीळ बसतो आणि ती कडेखाली सरकते. आधी इतकीच हवा भरा की ट्यूब गोल दिसेल पण ताणली जाणार नाही. बोटाने दाबली तर बाजू एकमेकींना टेकायला हव्यात.

ट्यूबला हलकी टाल्कम पावडर लावा, जास्तीची झटकून टाका. पावडरीमुळे ट्यूब टायरला चिकटत नाही आणि स्वतःच सरळ होते. तेल, ग्रीस, रॉकेल यांतलं काहीही लावू नका. त्यांनी रबर खराब होतं, आणि रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ते घसरतात.

व्हॉल्व्ह भोकात घाला. नट असेल तर दोनच आटे बसवा, आवळू नका. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी ट्यूब टायरच्या आत, वरच्या अंगाला ढकलत जा, म्हणजे रिमच्या खाचेत जागा मोकळी राहील.

तपासा: ट्यूबच्या अंगावर आतल्या बाजूला साच्याची एक उभी रेघ असते. ती पूर्ण फेरीत सरळ दिसते का? रेघ नागमोडी जात असेल तर ट्यूबला पीळ बसला आहे. व्हॉल्व्ह रिमला काटकोनात उभा हवा.

८. दुसरी कड: इथेच सगळं ठरतं

सुरुवात व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. बरेच जण नेमकं उलटं करतात. व्हॉल्व्हचं बूड जाड असतं, त्याच्यामुळे तिथली कड खाचेत खोल उतरूच शकत नाही. सुरुवात तिथून केली तर शेवटच्या टप्प्यात सैल मिळत नाही आणि मग स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. शेवट व्हॉल्व्हपाशी ठेवला तर बाकीची सगळी कड खाचेत बसवता येते.

चाक मांडीवर किंवा भिंतीला टेकवून उभं ठेवा, व्हॉल्व्ह तुमच्याकडे. समोरची कड अंगठ्यांनी रिमच्या आत ढकला आणि दोन्ही हात दोन बाजूंनी आपल्याकडे आणत जा. दर वीतभर अंतराला थांबा आणि मागे चढलेली कड चिमटीत धरून खाचेच्या मध्यभागी दाबा.

शेवटी वीतभर कड उरते आणि ती हटून बसते. आता जोर लावू नका. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडा. मग व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकापासून दोन्ही तळहातांनी टायर घट्ट धरून आपल्याकडे ओढत, दाबत या. परकराच्या नाडीची सैल जशी सरकवत एका टोकाला आणतो, तशी टायरची सगळी सैल व्हॉल्व्हपाशी गोळा करायची आहे. तीन फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीला उरलेली कड बोटभर कमी होताना दिसते. मग दोन्ही तळहात टायरवर ठेवून, अंगठ्यांच्या मुळाने कड वर आणि आत लोटा. ती 'फट' करून आत जाते.

तरीही नाही गेली, तर कडेला साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. नव्या, कडक टायरला याची गरज पडते. वाळल्यावर साबण त्रास देत नाही.

९. लिव्हर वापरावाच लागला तर

आधी शेवटच्या टप्प्यातली ट्यूब बोटाने टायरच्या आत खोल लोटून द्या. लिव्हरची आकडी रिमच्या भिंतीला लावा, आत खुपसू नका. एका वेळी दोन बोटं रुंद एवढीच कड उचला. उचललेली कड दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने धरून ठेवा, नाहीतर ती पुन्हा बाहेर येते. लिव्हर आडवा करून जोर लावण्याची वेळ आली तर थांबा आणि समोरची कड पुन्हा खाचेत दाबा, ती नक्की वर आलेली असते.

१०. हवा भरण्याआधीची फेरी

दोन मिनिटांचं काम आहे आणि ट्यूब वाचते ती यानेच. व्हॉल्व्ह आधी टायरच्या आत वर ढकला आणि परत खाली ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते. मग दोन्ही अंगठ्यांनी टायरची बाजू दाबून कड आणि रिम यांच्यामधली फट उघडा आणि आत डोकावा. टेप दिसली की पुढे सरका. काळं, चकचकीत, मऊ काही फटीतून डोकावत असेल तर ती ट्यूब आहे, आणि हवा भरल्यावर ती तिथेच फुटणार. ती बोटाने किंवा लिव्हरच्या टोकाने लोटू नका. टायर दोन्ही बाजूंनी हलवा म्हणजे ती स्वतःच आत जाते. एका बाजूची फेरी झाली की चाक उलटं करून दुसरी बाजू बघा.

११. हवा तीन टप्प्यांत

पहिल्यांदा फक्त टायरला आकार येईल इतकी, साधारण १० ते १५ पीएसआय (पंपाच्या मीटरवर दिसणारं दाबाचं माप). चाक हळूहळू फिरवून टायरच्या बाजूवर रिमला लागून असलेली बारीक रेघ बघा. ती पूर्ण फेरीत रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. एखाद्या जागी रेघ रिमखाली गेली असेल तर कड तिथे अजून खाचेत आहे. एखाद्या जागी ती वर फुगली असेल तर खाली ट्यूब अडकली आहे. दोन्ही वेळी हवा सोडा, ती जागा हाताने चोळून सरळ करा, पुन्हा भरा.

दुसऱ्यांदा पूर्ण हवा सोडा आणि पुन्हा १५ पीएसआयपर्यंत भरा. याने ट्यूबमध्ये राहिलेल्या बारीक घड्या सुटतात. मगच टायरच्या बाजूवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरा, त्यापुढे नाही. व्हॉल्व्हचा नट शेवटी बोटाने बसवा, पाना लावू नका.

सावध: पेट्रोल पंपावरच्या मशीनने थेट हवा भरू नका. त्या मशीनचा झोत गाडीच्या टायरसाठी असतो. सायकलची ट्यूब काही क्षणांत मर्यादा ओलांडते आणि कड नीट बसायला वेळच मिळत नाही. हातपंप किंवा पायपंपच बरा.

१२. चाक परत बसवणं

चेन आधी चक्रावर, मग चाक खोबणीत, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत टेकलेलं. क्विक रिलीजची (पान्याशिवाय हातानेच चाक सोडवायची) दांडी बंद करताना तळहातावर तिचा ठसा उमटेल इतकी घट्ट हवी. नटाच्या सायकलला काढताना घेतलेल्या फोटोप्रमाणे वॉशर लावा, दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. बिनगिअरच्या सायकलची चेन मध्यभागी बोटाने दाबली तर सुमारे अर्धा इंच खाली-वर झाली पाहिजे. चाक फिरवा, ब्रेकचे रबर टायरला घासत नाहीत ना ते पाहा. व्ही-ब्रेकची नळी परत लावली का? हे विसरून उतारावर लागलं तर ट्यूबपेक्षा मोठं नुकसान होईल.

रात्री हवा भरून ठेवली तर सकाळी दाबून बघा. किंचित उतरली असेल तर आधी व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाका, कारण जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली रबराची नळी कडक झाली की तिथूनच बुडबुडे येतात. ती नळी काही रुपयांत मिळते, त्यासाठी टायर खोलायची गरज नाही. सोबतची जादा ट्यूब पावडर लावून जुन्या मोज्यात गुंडाळा आणि पाने-लिव्हर वेगळ्या खिशात ठेवा, नाहीतर ती पिशवीतच घासून भोकं पडलेली मिळते.